कोणाचा ॲम्प्लिफायर हरला

एका गावात एक भोळा मेहुणा होता. नाव गुणवंता. तो बहिणीच्या घरी राहायचा. तिला तो अक्का म्हणायचा. अक्काचे यजमान त्र्यंबकराव म्हणजे त्याचे दाजी. ते गावातले शहाणे गृहस्थ होते.

दाजींना हेडफोनचा नाद होता. साधासुधा हेडफोन नव्हे. कानांवर दोन वाट्या उपड्या घातल्यासारखा, भला जड. त्याला ताकद पुरवायला वेगळं यंत्र लागायचं, ॲम्प्लिफायर. दाजींच्या ॲम्प्लिफायरवर काचेचे दिवे होते. ते पेटले की दाजी म्हणायचे, आवाजाला ऊब आली.

गावचे गुरांचे डॉक्टर हसबनीस यांनाही हाच नाद. त्यांचा ॲम्प्लिफायर म्हणजे काळी लोखंडी पेटी. दिवे नाहीत, काही नाही. त्यांचं म्हणणं, आवाज स्वच्छ हवा. ऊब हवी असेल तर माणसाने घोंगडी घ्यावी.

यावरून दोघांची जुनी मैत्री तुटायला आली. शेवटी ठरलं की तालुक्याला गाण्याचा वर्ग चालवणाऱ्या मोरोबुवांना बोलवायचं. एकच हेडफोन, दोन्ही ॲम्प्लिफायर. बुवांनी ऐकून निकाल द्यायचा आणि ज्याचा हरेल त्याने तो वर्गाला देऊन टाकायचा. अट दोघांनाही लगेच पटली. दुसऱ्याचाच जाणार, याची दोघांनाही खात्री होती.

बुवा यायच्या आधी थोडा सराव हवा म्हणून डॉक्टर आपली पेटी घेऊन दाजींकडे यायला लागले. पहिल्या दिवशी दाजी गुणवंताला म्हणाले, डॉक्टर येईपर्यंत माझा ॲम्प्लिफायर तापवून ठेव, गार असला की आवाज नीट येत नाही.

गुणवंता म्हणाला, बरं.

चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या तापत्या तोंडावर, जागा होती. तिथे त्याने तो ठेवला. दाजी आले तेव्हा खालचे रबरी पाय वितळून वैलाला चिकटले होते. दाजींनी कपाळावर हात मारला. मग समजावून सांगितलं, "अरे, तो आपोआप तापतो. आपण बटण दाबायचं, लांब बसायचं आणि हात लावायचा नाही."

गुणवंता म्हणाला, बरं.

दुसऱ्या दिवशी अक्काने विजेच्या शेगडीवर दूध ठेवलं आणि ते तापव म्हणून सांगून ती विहिरीवर गेली. गुणवंताने बटण दाबलं. लांब बसला. हात लावला नाही. दूध फुगलं, पातेल्याबाहेर आलं, ओट्यावरून उतरलं आणि त्याच्या पायांशी आलं. तेव्हा तो आणखी लांब बसला.

अक्का परतली. ओटा पुसता पुसता तिने सांगितलं, उतू चाललं की पाण्याचा हबका मारायचा, लगेच खाली बसतं.

गुणवंता म्हणाला, बरं.

त्याच संध्याकाळी डॉक्टर आपल्या पेटीवर मारवा ऐकत होते. डोळे मिटलेले, मान हलकेच डोलतेय. ते स्वतःशीच म्हणाले, सूर कसा उतू चाललाय.

गुणवंता धावत माजघरात गेला, तांब्या घेऊन आला आणि बरोबर तोंडावर हबका मारला. डॉक्टर लगेच खाली बसले, म्हणजे खुर्चीवरून खाली. हेडफोन वाचला, कारण दाजींनी तो आधी पुसला आणि मग डॉक्टरांना टॉवेल दिला.

डॉक्टर मिशा पिळत म्हणाले, डोळे मिटलेला माणूस ऐकत असतो, त्याच्या वाटेला कधी जायचं नसतं.

गुणवंता म्हणाला, बरं.

दुसऱ्या दुपारी जेवण झाल्यावर दाजी हेडफोन घालून आरामखुर्चीत पडले आणि त्यांना झोप लागली. सावकाराच्या वाड्यावरचा गडी त्यांना बोलवायला आला, गुणवंताने त्याला परत पाठवलं. अक्का चहा घेऊन आली.

"हळू," गुणवंता म्हणाला. "दाजी ऐकतायत."

"अरे, घोरतायत ते."

"तसं गाणं असेल."

दाजी उठले तेव्हा दिवेलागण झाली होती. ॲम्प्लिफायर इतका तापला होता की टेबलावरच्या मेणकापडाला भोक पडलं होतं. दाजी म्हणाले, माणसाचे डोळे मिटलेले दिसले की बटण बंद करायचं, दार ओढून घ्यायचं आणि निघून जायचं.

गुणवंता म्हणाला, बरं.

आणि मोरोबुवा आले. स्वतःची जीप, खांद्यावर उपरणं, चेहऱ्यावर मोठ्या गवयाचं गांभीर्य. दाजींनी त्यांना आतल्या खोलीत बसवून हेडफोन घातला. गुणवंताला बजावलं, आधी एक लाव, मग दुसरा, कोणता कुठला ते कोणालाच कळू देऊ नकोस. मग दाजी आणि डॉक्टर ओसरीवर दोन टोकांना जाऊन बसले.

आत बुवांनी डोळे मिटले.

गुणवंताने ते पाहिलं. बटण बंद केलं, मागचं दार ओढून घेतलं आणि गोठ्यात निघून गेला.

बुवा वाट पाहत राहिले. काही ऐकू येईना. पण या यंत्रांतला फरक फार बारीक असतो, तो तयार कानालाच कळतो, असं दाजींनी आणि डॉक्टरांनीही त्यांना आल्याबरोबर सांगितलं होतं. बुवांनी मान डोलवायला सुरुवात केली. खिडकीच्या फटीतून डोकावणाऱ्या दोघांना तेवढीच दिसली. बुवांनी एकदा मांडीवर समही दिली.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले.

"पहिला फार सोज्वळ," बुवा म्हणाले. "मागे जराही खरखर नाही. असली शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. आणि दुसरा अगदी त्याच तोलाचा. जाणकारांना जास्त काय सांगायचं?"

चहा घेऊन ते जीपकडे निघाले. दाजींच्या मते सोज्वळ म्हणजे ऊब. डॉक्टरांच्या मते शांतता म्हणजे स्वच्छता. गोठ्यातून आलेल्या गुणवंताला दाजी म्हणाले, हरलेला ॲम्प्लिफायर बांधून जीपमध्ये ठेव.

गुणवंताने विचारलं, कोणाचा हरला?

दाजी हळूच त्याच्या कानात म्हणाले, डॉक्टरांचा. मग डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तुझ्या दाजींचा.

गुणवंता म्हणाला, बरं.

जीपमध्ये चादरीचं गाठोडं गेलेलं पाहून दोघांनीही समाधानाने हात जोडले. जीप वळणाआड गेली. मग डॉक्टरांनी विचारलं, "गुणवंता, तू पहिला कोणता लावला होतास?"

"कोणताच नाही. बुवांचे डोळे मिटलेले होते. मी बटण बंद केलं."

 मग दाजींना जरा बरं वाटलं. डॉक्टरांनाही वाटलं. म्हणजे निकाल लागलाच नव्हता. दोघं कित्येक दिवसांनी एकमेकांकडे पाहून हसले आणि ठरवलं की बुवा वगैरे नकोतच, आपणच दोघं शेजारी बसून शांतपणे ऐकू.

"जा," दाजी म्हणाले, "दोन्ही घेऊन ये."

"ते जीपमधून गेले की," गुणवंता म्हणाला. "तुम्ही म्हणालात डॉक्टरांचा हरला. डॉक्टर म्हणाले तुमचा हरला. दोघंही शहाणी माणसं. मग मी दोन्ही दिले."