पैल्या गोलाचा फ्लेक्स

"मग वस्ताद, पैला गोल माजा का न्हाई? येवडंच सांगा."

दादूवस्ताद मुल्लाणी तालमीच्या हौद्यातली लाल माती खोऱ्यानं वरखाली करत हुता. त्यानं मान वर केली न्हाई.

"कसला पैला?"

धैर्यशील सासने मटकन पायरीवर बसला. अख्ख्या कोल्हापुरात हलग्या तापाया लागल्यात, पोरं मोटरसायकलीवर झेंडं घिऊन बोंबलत फिराय लागल्यात, आनि हे म्हातारं इचारतंय, कसला पैला!

"फुटबॉलची घाटमाथा लीग, वस्ताद! पैलं वर्स, पैली मॅच. आज आपली चिंचबाग तालीम आनि गडहिंग्लजकर. आजवर आपन तालमी-तालमीतच एकमेकाची टाळकी फोडली. आता सातारा, मिरज, बेळगाव, समदी येनार. त्या लीगमदला पैला गोल एकदाच हुतोय. पुन्ना कुनाच्या बापाला घालता येनार न्हाई!"

"व्हय की. ते खरं."

"तवा त्यो माजाच पायजे."

वस्तादानं खोरं टेकवलं आनि भाईर बोट केलं. गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स फडफडत हुता. त्यावर धैर्या, काळा गॉगल, हाताची घडी, मागं वाघ. खाली हातहातभर अक्षरं: घाटमाथा लीगचा पहिला गोल, धैर्यशील सासने.

"ह्यो कवा लागला?"

"काल."

"आनि मॅच?"

"आज..." धैर्याचं कान लाल झालं. "छापनारा म्हनला, उद्या गर्दी हुईल, आत्ताच घिऊन जा. मग आनला."

वस्ताद हसला. तोंडात दात दोनच, पर हसू पुरं बत्तीस दातांचं.

"आरं मग माजं काय काम? देवानं बी वाचला आसंल की फ्लेक्स."

"थट्टा नगा करू. माजा बा जलमभर ह्याच तालमीकडनं बॅक खेळला. हाय का आज कुनाच्या ध्यानात?"

"माज्या."

"तुमी एकलं."

"एक पुरं न्हवं?"

धैर्यानं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली...

"मला पुरं न्हाई."

वस्तादानं हौद्यातली चिमूटभर माती उचलली. चिंचबागेची रीत हाय ती. मॅचला जाताना वस्तादाच्या हातनं कपाळाला माती लावून घ्यायची आनि एक मागनं मागायचं. एकच.

"माग. नीट माग."

"पैला गोल माजा."

"जिकायचं नगं?"

"ते हुतंय की आपोआप."

"तुज्या जोडीच्या सोन्याच्या पायाचं, गोलकीपर म्हमद्याच्या हाताचं काय?"

"त्यांचं ते मागतील."

"बग हां. मागनं फिरत न्हाई."

"पैला गोल माजा, वस्ताद. बास!"

वस्तादानं त्याच्या कपाळाला माती फासली आनि एक डोळा बारीक केला.

"जा. दिला."

मैदानात पाय ठेवाया जागा न्हवती. हलग्या कडाडत हुत्या. माईकवरचा निवेदक बसलेला घसा आनखीनच बसवत हुता.

धैर्याचं पाय जमिनीला लागंनात. चेंडू मिळाला की सुटला गोलाकडं. उजव्या अंगाला सोन्या घोटणे मोकळा, हात हालवून हालवून दमला.

"धैर्या, दे की! आरं मला दे!"

धैर्याला त्यातलं 'धैर्या' तेवडं ऐकू यायचं. एक फटका दांडीला लागला. दुसरा गॅलरीत चिरमुरेवाल्याच्या पाटीत जाऊन पडला. चिरमुरं हे उडालं, लोक हसून हसून गडबडा लोळाय लागलं.

मग गडहिंग्लजकरांना कॉर्नर मिळाला.

धैर्या मैदानाच्या मधोमध हुता. त्याची जागाच ती. पर ह्यांनीच घातला तर? मग फ्लेक्सचं काय?

त्यानं माघारी धूम ठोकली. सोताच्या गोलापुढं धैर्याला आजवर कुनी बगितला न्हवता. गोलकीपर म्हमद्याबी चपापला.

चेंडू आला. उंच... वळत वळत...

"सोड! माजा!" म्हमद्या वराडला.

दुसरा कुनी 'माजा' म्हनल्यावर धैर्या सोडतोय व्हय? समद्यांच्या वर हातभर उडाला आनि डोस्कं घातलं. काय हेडर हुता राव! बंदुकीची गोळी! जिथं माती लावल्याली, बरोबर तिथंच चेंडू बसला.

आनि गेला आपल्याच जाळ्यात.

हलगीवाल्याचा हात वरच ऱ्हायला.

निवेदकाला मातर भान न्हवतं. "घाटमाथा लीगच्या इतिहासातला पैला गोल... धैर्यशीऽऽल सासने!" मग जरा थांबून, हळू आवाजात, "...गडहिंग्लजसाठी."

हाफटायमाला धैर्या गॅलरीखालच्या नळापाशी बसला, जर्सी डोक्यावर वडून. सोन्या हाक मारून गेला. म्हमद्या पानी ठिऊन गेला. धैर्याचं एकच, "मी न्हाई येत. माज्या जागी दुसरा घाला."

चपला फटक-फटक वाजत आल्या. जर्सीच्या फटीतनं वस्तादाचं लाल मातीनं भरल्यालं पाय दिसलं.

"तुमी दिला म्हनला हुता!" धैर्या आतनंच रडकुंडीला आला.

"दिला की."

"त्यो फ्लेक्स फाडून टाका, वस्ताद. लोक घरला जायच्या आदी फाडा. त्याच्याखालनं मी गल्लीत कसा शिरू?"

वस्तादाच्या काखंत गुलालाची पिशवी हुती. धैर्यानंच सकाळी दिल्याली, पैल्या गोलाला उधळाया. वस्तादानं तिची गाठ सोडली. धैर्याच्या तोंडावरची जर्सी वडली. आनि मूठभर गुलाल त्याच्या डोक्यावर वतून, नवरदेवाला चोळावा तसा गालाला चोळला.

धैर्या आ वासून बगत ऱ्हायला.

"आवं... आपन हराय लागलोय!"

"नाव लागलं न्हवं?" वस्तादानं हात झाडलं. "झालं तर. आता खेळ."

लालभडक धैर्या मैदानात आला तशी गॅलरी उसळली.

"आला आला! गडहिंग्लजचा स्ट्रायकर आला!"

धैर्याला हसूच फुटलं. आता जायचं काय ऱ्हायलं हुतं? आनि गंमत बगा, हसल्यावर त्याला दिसाया लागलं. डावीकडची मोकळी जागा दिसली. समोरचा बॅक दमलाय ते दिसलं. सोन्या दिसला. सोन्या तर सकाळपासनं तिथंच हुता!

दिला चेंडू. सोन्यानं पायबी न थांबवता हानला. गोऽऽल! बरोबरी!

मग हलगी जी सुटली ती थांबंना. शेवटाला शेवटाला धैर्या दोघांना चकवून एकटाच आत घुसला. फुडं फकस्त गोलकीपर. अख्खी गॅलरी उभी, "मार! मार!"

धैर्यानं मारल्यागत केलं... आनि चेंडू हळूच आडवा सरकवला. सोन्याला नुसता पाय लावायचं काम.

दोन-एक!

तेवड्यात गडहिंग्लजकरांना पुन्ना कॉर्नर. धैर्या पुन्ना पळत आपल्या गोलापुढं. गॅलरीतनं बोंब उठली. "आरं त्याला कुनीतरी धरा!"

चेंडू आला. उंच... वळत वळत... सरळ धैर्याच्या कपाळाकडं.

"माजा!" म्हमद्या वराडला.

धैर्यानं मान खाली घातली.

चेंडू म्हमद्याच्या छातीशी. आनि शिट्टी!

गल्लीत मिरवणूक शिरली तवा समदीच लाल झालती, कोन कुनाचा ते वळखू यीना. सोन्या शिडी लावून फ्लेक्सची दोरी कापाय चढला हुता.

"उतर खाली," धैर्या म्हनला. "ऱ्हाऊ दे त्यो."

"लोक हसतील लेका!"

"हसू देत की. खोटं काय लिवलंय त्यात?"

वस्ताद तालमीच्या पायरीवर चिरमुरं खात बसला हुता. धैर्या त्याच्या पायापाशी टेकला.

"वस्ताद, फुडच्या ऐतवारी मिरजवालं हाईत. काय मागू?"

वस्तादानं फ्लेक्सवरच्या वाघाकडं बगितलं, मग धैर्याकडं बगितलं, आनि मूठभर चिरमुरं त्याच्या हातावर ठेवलं.

"नगंस मागू, लेका... मागितलं की मी देतोय."