सुगरणीची रोजची गाठ

फार मागे, विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर एक सुगरण राहायची. रोज सकाळी ती पाखरांना घरट्याची एक गाठ फुकट शिकवायची. तिला वाटायचं, ओळख वाढेल, विश्वास बसेल, मग विणीच्या दिवसांत हीच पाखरं दाणे घेऊन येतील आणि आपल्याकडूनच घरटं विणून घेतील.

फांदी रोज भरायची. पण विणीचे दिवस आले तरी दाणा घेऊन कुणी आलं नाही. शेवटी तिनेच साळुंकीला विचारलं, "ताई, तुमचं घरटं विणून देऊ का?"

"मला कशाला गं? आमचं ढोलीत भागतं," साळुंकी म्हणाली. "होल्याला तर चार काटक्या पुरतात. तुझ्याकडे सकाळ छान जाते, म्हणून येतो आम्ही. उद्या कोणती गाठ?"

दुसऱ्या दिवशी फांदी पुन्हा भरली. बांधावरचं गवत शिकवण्यातच संपलं होतं. सुगरणीच्या पोटात अंडी होती आणि तिचं स्वतःचं घरटं अर्धंच झालं होतं. आज काही दाखवलं नाही, तर उद्या ही पाखरंही येणार नाहीत, एवढंच तिला कळत होतं.

तिने आपल्या घरट्यातली एक काडी ओढून काढली.

"हं, बघा," ती म्हणाली.