टोपीकराचा तिसरा शब्द

एका राज्यात मोठी विचित्र रीत होती. मूल नवा शब्द शिकलं की त्या शब्दाची वस्तू त्याच्या तळहातावर ठेवायची; त्याशिवाय शब्द आला असं कुणी मानत नसे. तिथे एकदा दूरदेशीचा टोपीकर जादूगार आला. त्याची इंग्रजी ऐकून राजा धवलकेतू पोट धरून हसला. म्हणाला, "हे शब्द की नुसता वारा?"

जादूगाराचा संताप झाला. राजपुत्र किरीटसेनाकडे बोट करून तो म्हणाला, "माझे तीन शब्द देतो. एकाची जरी खरी वस्तू याच्या तळहातावर ठेवलीत, तर हा सुटेल. तिन्ही चुकलात, तर याची शिळा होईल." मग तिन्ही शब्द सांगून तो निघून गेला, आणि राजपुत्राचे पाय तिथेच दगडाचे झाले.

पहिला शब्द बटरफ्लाय. बटर म्हणजे लोणी, फ्लाय म्हणजे माशी! दरबारच्या पंडितांनी लोण्यात माशी बुडवून वाजतगाजत आणली. बाहेर बागेत फुलपाखरं बागडत होती, पण तिकडे पाहतो कोण? राजपुत्र कमरेपर्यंत दगड झाला.

दुसरा शब्द सनफ्लॉवर. हा अगदी सरळ, सूर्यफूल. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सरळ अर्थात दगा असणार असं ठरवून या शहाण्यांनी सूर्यासारखा गोल, पिवळा भोपळा आणून ठेवला. दगड गळ्याशी आला.

तिसरा शब्द होमसिक. पंडित आजारी घर शोधायला निघाले, तेव्हा धाकटी राजकन्या कुमुदिनी आडवी आली. "पंडितजी, आता पुरे," ती म्हणाली. तिने राजवाड्यातल्या बोलक्या मैनेला विचारलं.

मैना म्हणाली, "ज्याचा शब्द त्यालाच विचार. सात डोंगरांपलीकडे समुद्रकाठी बसलाय."

कुमुदिनी एकटी निघाली. चौथ्या डोंगरावर तिला आईच्या हातचा ऊन भात आठवला, दादाचं चिडवणं आठवलं. घास घशाखाली उतरेना. तरी ती चालत राहिली.

जादूगार पाण्याकडे तोंड करून बसला होता.

"आबासाहेब आपल्याला हसले, ती आमची चूक," कुमुदिनी म्हणाली. "आपलं घर कुठे आहे?"

जादूगाराने वळून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "या देशात हे कुणी विचारलं नव्हतं." त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. कुमुदिनीने ते ओंजळीत झेललं. चौथ्या डोंगरावर आपल्याला काय झालं होतं, ते तिला तेव्हा कळलं.

ते पाणी वाटेत आटलं नाही, सांडलं नाही. दादाच्या दगडी तळहातावर पडताच बोटं हलली, छाती भरून आली, आणि किरीटसेन म्हणाला, "कुमुद, किती वाळलीस गं."

राजाने स्वतः जाऊन जादूगाराची क्षमा मागितली आणि त्याला जहाज दिलं. शिडं चढली. निरोपाला आमच्याकडे काय म्हणतात, ते कुमुदिनीने त्याला शिकवलं. घाटावरच्या सगळ्या माणसांकडे पाहून तो म्हणाला, "येतो."

टोपीकराला जसं त्याचं घर भेटलं, तसं वाट चुकलेल्या सगळ्यांना भेटो.