बॉम्बचा वाटा

भर समुद्रात लिमोआ नावाचं बोराएवढं बेट होतं आणि तेहीनाबाई तिथल्या अध्यक्ष होत्या. अणुबॉम्ब बाळगायचा नाही, आपल्या बंदरातही येऊ द्यायचा नाही, या करारावर त्यांनी हौसेनं सही केली होती.

एके दिवशी एका बलाढ्य देशाचा राजदूत आला आणि भरसभेत म्हणाला, "बाई, तुमच्याकडे साधा फटाका नाही! बोळक्या तोंडाच्या म्हातारीनं चावणार नाही म्हणून शपथ घ्यावी, तशी तुमची सही. ती मागे घ्या आणि आमचं बॉम्बचं जहाज बंदरात उभं राहू द्या. नाहीतर तुमची मासळी घेणं बंद."

मासळीवरच बेट जगत होतं. तरी तेहीनाबाईंचा चेहरा हसराच राहिला.

"येऊ द्या जहाज," त्या सावकाश म्हणाल्या. "फक्त आमची रीत पाळा. इथं नांगर टाकला की आत जे असेल त्याचा वाटा घरोघरी जातो. मासे असोत, नारळ असोत. तुमचे बॉम्बही वाटू."

राजदूत ताडकन उठला. "भलतंच काय! असली वस्तू कुणी घरात ठेवतं का? सगळ्यांचाच घात होईल!"

"अहो, करारात आम्ही एवढंच तर म्हटलंय!"

सभेत असा हशा पिकला की राजदूतालाही ओशाळून हसावं लागलं. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळी वाटली, तेव्हा पाहुण्याचा वाटा त्यालाही मिळाला. तो चाखून त्यानं आपल्या देशाला कळवलं, "जहाज परत वळवा. मासळी मात्र घेत राहा."