सशाचे केस

डोंगरांना अजून माणसांनी नावं दिली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका कड्याखाली साळू नावाची साळिंदर राहायची. तिने रानात एक रीत पाडली होती. ज्याला नवी वाट सापडेल, त्याने ती सुरू होते तिथे आपली खूण ठेवायची. मोर पीस ठेवी, साळू काटा रोवी. खूण दिसली की सगळे बिनधास्त निघत.

एकदा घोरपडीने कड्याच्या पायथ्याशी नखांनी ओरखडे काढले. ते पाहून ससा निघाला आणि अर्ध्या कड्यात अडकला. शेवटी वानरांनी त्याला कसाबसा खाली आणला.

सगळे घोरपडीवर तुटून पडले. "पुसा हिची खूण! हाकला हिला!"

"अहो, मी चारदा वर जाऊन आले," घोरपड रडकुंडीला येऊन म्हणाली. "वर झरा आहे."

"वाट खरीच आहे," साळू ठामपणे म्हणाली. "चुकली माझी रीत. यापुढे जो जो चालेल, त्याने आपली खूण ठेवायची; पोचला तर उघडी, अडकला तर दगडाखाली. सशा, पहिली तुझी."

ससा ओशाळला. "साळूताई, मी तर पोचलोच नाही."

"म्हणून तर तुझी हवी."

सशाने आपले चार केस ओरखड्यांशेजारी दगडाखाली दाबले.

दुसऱ्या दिवशी एक तहानलेलं भेकर तिथे आलं. ओरखडे पाहून त्याने पाय उचलला. मग त्याला दगडाखालचे केस दिसले. त्याने पाय खाली ठेवला आणि ते पाण्याच्या दुसऱ्या वाटेवर रोवलेल्या साळूच्या काट्याकडे वळलं.