दोन घरांची एक भिंत

एक होतं नदीकाठचं गाव, अन् त्या गावात दोन घरांना मिळून होती एकच भिंत. अलीकडं राहायची हौसाक्का, पलीकडं तान्हू. दोघी एकट्या, दोघी एका वयाच्या. भिंत मातीची, बरं का, अन् अशी पातळ की पलीकडं मिरचीची फोडणी बसली की अलीकडं शिंक यायची. हौसाक्काचे कान सदा भिंतीला. तान्हूचं दूध उतू चाललं की हिची हाक आधी जायची. तान्हूच्या गोठ्यात ढवळी नावाची गाय होती. ती कधी हंबरली अन् कशासाठी हंबरली, तेसुद्धा हौसाक्का इकडून सांगायची.

मग एका दोडक्यावरून बिनसलं. वेल तान्हूचा, दोडका लोंबला हौसाक्काच्या अंगणात. हिनं तोडला, भाजी केली, अन् चांगली झाली म्हणून चार घरी सांगूनही आली. तान्हू म्हणाली, वाटीभर तरी द्यायची होतीस. हौसाक्का म्हणाली, वेलाला आवर घालायचा होतास. झालं. बोलणं बंद.

मग श्रावणात काय झालं, आठ दिवस पाऊस उघडलाच नाही. एका सकाळी हौसाक्का परसात गेली, तर नदी कुंपणापाशी येऊन टेकलेली. तिनं भराभरा गाठोडी बांधली. पीठ घेतलं, कोंबड्या घेतल्या, लोणच्याची बरणीसुद्धा काखेत मारली. निघताना तान्हूच्या दारापाशी तिचा पाय अडला. दार लोटलेलं होतं. तिला वाटलं, दिसलं असेल की तिला. मीच का आधी बोलू? अन् ती टेकडीवरच्या देवळाकडं निघून गेली.

तान्हूला नदी चढलेली दिसली नव्हती. पाणी उंबऱ्यात आलं तेव्हा तिला कळलं. ती कशीबशी चिंचेवर चढली, पण ढवळीचं दावं सोडायला वेळच मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी नावाड्यांनी तान्हूला खाली उतरवलं. ती बहिणीच्या गावी गेली ती गेलीच.

मग पाणी ओसरलं, गाव परतलं. घराघरात गुडघाभर गाळ. हौसाक्काच्या चुलीत तर मासा जाऊन बसलेला. लोकांनी गाळ उपसला, घरं उभी केली. हौसाक्कानंही घराच्या तीन बाजू उभ्या केल्या. राहिली ती मधली भिंत. तिनं माती तुडवली, तीत काड घातलं, थर चढवला. सकाळी बघते तर भिंत खाली बसलेली. मग गवंडी आणून दगडाची घातली. तीही बसली. मग तिसऱ्यांदा घातली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला अन् हात जोडून समोरच बसून राहिली.

अन् डोळ्यांदेखत ढासळता ढासळता भिंत बोलली, बरं का. म्हणाली, "मला दोन बाजू होत्या. एकीवर कशी उभी राहू?"

मग हौसाक्का निघाली बहिणीच्या गावाला. वाटेत तीच नदी. आता घोट्याएवढी, अगदी गरीब. हौसाक्काला राग आला. तिनं नदीला नको नको ते सुनावलं, मुकं जनावर नेलंस म्हणाली. नदी ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "येताना मला जेवढं ओरडता येतं तेवढं मी ओरडले, हौसा. तिच्या दारात शब्द टाकणं तुझं काम होतं."

हौसाक्का पाण्यातून पलीकडं गेली.

तान्हू बहिणीच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. हौसाक्कानं वाटभर ठरवलं होतं, पाणी एकाएकी आलं असं सांगायचं. पण तान्हू समोर दिसली अन् ते तोंडातून निघेना.

"तान्हू, मला पाणी दिसलं होतं," ती म्हणाली. "अन् मी बोलले नाही."

तान्हूचे हात सुपात तसेच राहिले. मग ती म्हणाली, "मला तुझी पावलं दिसली होती. दाराखालच्या फटीतून. थांबली होतीस. मला वाटलं, बोलायला आलीस. तू हाक मारशील म्हणून मी आत वाट बघत बसले. मीही उठले नाही गं."

मग हौसाक्का सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसली. दोघींनी मिळून सगळे तांदूळ निवडले. एक खडा राहिला नाही. मग तान्हूनं आपलं गाठोडं बांधलं.

दुसऱ्या दिवशी दोघींनी एकाच खड्ड्यात माती तुडवली. एकीनं अलीकडून थापली, एकीनं पलीकडून. भिंत उभी राहिली ती राहिली. मग पलीकडं तान्हूचंही घर झालं. हौसाक्कानं तिला नवी गाय घेऊन देऊ केली. तान्हू नको म्हणाली. ढवळी म्हणून दुसरीला हाक मारायला जीभ वळायची नाही, म्हणाली.

मग दोघी सुखानं राहिल्या. एकमेकींच्या भाज्यांना नावं ठेवत म्हाताऱ्या झाल्या. ढवळीची जागा तेवढी रिकामी राहिली. हौसाक्का रोज सकाळी जाऊन ती झाडून यायची. तान्हूनं तिला कधी नको म्हटलं नाही, अन् कधी का म्हणूनही विचारलं नाही.

एवढंच झालं त्या गावात. आता पाय पोटाशी घ्या, गोधडी कानापर्यंत ओढा, अन् झोपा बघू शहाण्यासारखे.