चैतीचा वाघ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा करंजपाड्याचं शेवटचं घर संपलं की लगेच रान सुरू होत असे. त्या शेवटच्या घरात चैती राहायची. नवरा, सासू आणि कडेवरची लेक बुधी, एवढाच तिचा संसार.

एकदा लाकडं आणायला दोघं रानात गेली, आणि तिच्या डोळ्यांदेखत वाघाने नवऱ्याला ओढून नेलं. चैतीने त्याचा हात धरला होता. तो हात सुटला. त्या दिवसापासून तिच्या मुठी मिटल्या त्या मिटल्याच. वाचाही गेली. भगताने अंगारे लावले, कोंबडं कापलं; कोंबडं भगताला मानवलं, चैतीला नाही. बुधी रडत पायाशी यायची, पण आई तिला उचलत नसे. लेकरू वाळत चाललं.

गाव तसं मायाळू, पण मायेच्या भरातच चुकलं. बोहाड्याच्या उत्सवात दरवर्षी मुखवटे घालून देवांची, दैत्यांची, जनावरांची सोंगं नाचत. त्या वर्षी ठरलं, वाघाचं सोंग काढायचं नाही. चैतीच्या दारात वाघाचं नावही कुणी घेईना.

सासू तेवढी शहाणी. मुलगा तर तिचाच गेला होता. तिने पांगाऱ्याचा ओंडका आणि पटाशी सुनेपुढे ठेवली.

"तोंडातून निघत नाय ना, पोरी? मग हातातून काढ."

असं म्हणतात, की पटाशी धरण्यापुरती चैतीची मूठ उघडली. तिने वाघाचा मुखवटा कोरला आणि चुलीत घातला. दुसरा कोरला, तोही जाळला. सासू मुकाट्याने नवे ओंडके आणत राहिली. असं म्हणतात, की वाघागणिक चैतीची बोटं मोकळी होत गेली, आणि शेवटच्या वाघाच्या डोळ्यांत भूक होती तशी भीतीही होती.

तो मुखवटा चढवून चैती स्वतः बोहाड्यात उतरली. बाईने सोंग घ्यायची रीत नव्हती, पण अडवायची कुणाची छाती झाली नाही. संबळ थांबला. असं म्हणतात, की रानाच्या कडेला खरा वाघ येऊन उभा राहिला, आपलंच तोंड बघत राहिला, आणि मान खाली घालून निघून गेला. चैतीने मुखवटा उतरवला, बुधीला उचलून छातीशी धरलं, आणि सगळ्यांदेखत नवऱ्याचं नाव घेऊन हंबरडा फोडला.

करंजपाड्यात आजही कुणावर आभाळ कोसळलं, तर लोक जातात, पण काही विचारत नाहीत. पांगाऱ्याचा एक ओंडका दाराशी ठेवतात आणि परततात. कधी त्याच्यावरून अख्खा पावसाळा जातो. कुणी घाई करत नाही. मग एखाद्या सकाळी ओंडका जागेवर नसतो, आतून ठोकण्याचा आवाज येतो, आणि जाणारायेणारा प्रत्येक जण त्या दारासमोर वहाणा काढून क्षणभर उभा राहतो.